मसालेभात ठेवायचा, तांदूळ काढायचा

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मामंजींना बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. गोळ्या चालू आहेत, तरी जेवणानंतरची साखर खाली येत नाही, म्हणून डॉक्टरांनी भात जवळजवळ बंद करायला सांगितलंय. मामंजी भाकरीचे माणूस. रोजच्या साध्या भाताचं त्यांना फारसं काही नाही, पण मसालेभातावर जीव. ताईंनी मोबाईलवर बघून फ्लॉवर किसला, नेहमीसारखी फोडणी दिली, गोडा मसाला आणि पाणी घातलं आणि कुकरला दोन शिट्ट्या काढल्या. निघाला तो लगदा, त्याला उग्र वास. मामंजींनी दोन घास खाल्ले, ‘पिठलं केलंय का?’ असं विचारलं आणि ताट सरकवलं. ताई विचारतात, चुकलं कुठं? फ्लॉवरऐवजी भगर किंवा ज्वारीच्या कण्या घेतल्या तर? आणि एवढी खटपट करून साखरेत खरंच फरक पडतो का?

मी लातूरला मधुमेह असलेल्यांसाठी डबे करते. फ्लॉवरचा मसालेभात आमच्या स्वयंपाकघरात नेहमीचा आहे, त्यामुळे जरा तपशिलात सांगते.

ताई, घोटाळा कुकरपाशी झाला. तांदूळ पाणी पितो आणि फ्लॉवर पाणी सोडतो. कोरडा तांदूळ शिजून वजनाला अडीच-तीन पट होतो, ती सगळी वाढ पाण्याची. फ्लॉवरमध्ये मुळातच शंभरातले नव्वदच्या वर भाग पाणी असतं. त्यात तुम्ही आणखी पाणी घातलं, झाकण लावलं, वाफेवर कोंडलं. लगदा होणारच.

यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. मसालेभाताची चव दाण्यात उतरते ती आधणाच्या पाण्यातून. मीठ, मसाल्याचा अर्क, तोंडल्याचा-वांग्याचा रस, सगळं पाण्यात येतं आणि ते पाणी तांदूळ ओढून घेतो. फ्लॉवरच्या कणात बाहेरचं काही शिरायला जागाच नाही. त्याला मसाला वरून लावावा लागतो आणि तो तेलातून लागतो. म्हणून इथे मसाल्याचं आधण करायचं नाही, मसाला तेलात घट्ट परतून घ्यायचा आणि फ्लॉवर त्यात शेवटी घोळवायचा. जगभरच्या व्हिडिओत दाखवतात तसं कितीही छान किसलंत तरी हे ध्यानात नसेल तर वरून मसाला लावलेली फिकी भाजी हाती येते.

आता आकड्यांचं. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात 78 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे पचल्यावर ज्याची रक्तात साखर होते तो भाग. मसालेभात आवडणारा माणूस एका वेळी 75 ग्रॅम तांदळाचा भात सहज खातो, म्हणजे नुसत्या तांदळातून 58-59 ग्रॅम. वर मटार, बटाटा पडला की पासष्टच्या घरात गेलं. फ्लॉवरच्या शंभर ग्रॅममध्ये कर्बोदकं 5 ग्रॅम, त्यातलेही 2 ग्रॅम तंतू, ज्यांची साखर होत नाही. खाली सांगते त्या प्रमाणाने चार जणांसाठी केलेल्या मसालेभातात माणशी 15-16 ग्रॅम पडतात आणि तंतू वजा केले तर नऊ-दहा. पासष्ट कुठे, सोळा कुठे! तेव्हा फरक पडतो का, याचं उत्तर हो, ठळक पडतो. फक्त मामंजींच्या ताटात बाकी काय आहे ते बघावं लागेल. त्याकडे येतेच.

भगर आणि कण्यांबद्दल मात्र तुम्हाला नाराज करते. उपवासाला चालते म्हणून भगर हलकी, हा आपल्याकडचा पक्का समज आहे. शंभर ग्रॅम भगरीत कर्बोदकं साठाच्या वरच असतात. ज्वारीत सत्तरच्या आसपास. कण्या ताकात कालवून खाव्यात, उत्तम पदार्थ आहे, तंतू जास्त असल्याने पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा सावकाश पचतात. पण ‘कमी कर्बोदकांचा’ म्हणून तो खपवता येणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी तुमच्या ऐकण्यात असेल. तिच्यात लोह आणि जस्त जास्त आहे, आणि ते चांगलंच आहे, पण पिष्ट, म्हणजे स्टार्च, तिच्यातही नेहमीच्या ज्वारीइतकंच. हातसडीचा किंवा ब्राऊन राइस घेतला तरी कर्बोदकं शंभरी पंचाहत्तर. पेज काढून केलेला भात ‘बिनसाखरेचा’ होतो असं सांगून भांडी विकली जातात. पेजेबरोबर थोडंसं पिष्ट जातं, बाकीचं दाण्यातच राहतं. भात शिजवून गार केला की काही पिष्ट पचायला अवघड होतं हे खरं आहे, पण त्याच्या भरवशावर वाढीव वाटी घ्यावी एवढं ते नसतं.

आणि आपल्या मराठवाड्यातला खास सापळा म्हणजे सुशीला. भात सोडलाय असं अभिमानाने सांगणारी माणसं सकाळी ताट भरून सुशीला खातात. मुरमुरे तांदळाचेच! भिजवून फोडणीला टाकले की पन्नास ग्रॅम मुरमुरे दिसायला एवढेसे होतात, आणि कर्बोदकं जातात चाळीसच्या वर. पोह्यांचंही तेच. मामंजींचा नाश्ता काय असतो ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण आधी तिथे बघा.

आता कृती.

फ्लॉवर घेताना गड्डा घट्ट, पांढरा आणि हाताला जड लागणारा घ्या. फुलं सुटी झालेला, पिवळट पडलेला गड्डा पाणी जास्त सोडतो आणि वासही त्यालाच जास्त येतो. पानं-दांडा काढून सातशे ग्रॅम उरेल असा सव्वा किलोच्या आसपासचा गड्डा चार जणांना पुरतो. अळ्यांसाठी मिठा-हळदीच्या कोमट पाण्यात ठेवायचा ना, तो किसायच्या आधी, मोठे तुरे करून. किसल्यावर धुवायचा नाही. पाण्यातून काढलेले तुरे सुती कापडावर पालथे घालून पंख्याखाली तासभर तरी ठेवा. घाई असेल तर पंच्याने एकेक तुरा पुसून घ्या. अर्धा लगदा इथेच टळतो.

किसणीची मोठी भोकं वापरा. मिक्सरमध्ये काम पटकन होतं, पण खालचा थर रवा होतो आणि वर तुरे तसेच राहतात. मिक्सरशिवाय गत्यंतर नसेल तर भांडं पूर्ण कोरडं, निम्मंच भरलेलं, आणि बटण उलटं फिरवून तीन-चार झटके, बस्स. हवा तसा कण म्हणजे भिजलेल्या साबुदाण्याएवढा. त्याहून बारीक झाला तर पंच्यात घालून पिळा. कोवळा दांडा फेकू नका, सोलून वेगळा किसा. तो शिजायला तुऱ्यापेक्षा जास्त वेळ घेतो आणि दाताखाली कणीसारखा लागतो. माझ्या मते या भाताला भातपण येतं ते त्या दांड्यामुळे.

पसरट लोखंडी कढई घ्या किंवा मोठा तवा, आणि आच मोठी. कढई इतकी तापू द्या की किस टाकताच चर्र आवाज व्हावा. एक चमचा तेल, आधी दांड्याचा किस दोन मिनिटं, मग तुऱ्यांचा निम्मा किस, पसरून. मीठ नाही, झाकण नाही. मीठ पडलं की पाणी सुटतं. झाकण ठेवलं की ती वाफ परत आत पडते, शिवाय तो उग्र वास कोंडून वाढतो. फ्लॉवर जितका जास्त वेळ बंद भांड्यात शिजेल तितका तो गंधकाचा वास पक्का होतो; तुमच्याकडे जो आला तो हाच. उघड्यावर चार-पाच मिनिटांत भरपूर वाफ निघते. मग आवाज बदलतो, चुरचुरायला लागतो. काही कणांच्या कडा बदामी दिसल्या की परातीत काढून पसरा. ढीग करू नका. मग दुसरा घाणा. दोन्ही घाणे एकदम टाकलेत तर कढई गार पडते आणि किस परतला न जाता उकडतो.

त्याच कढईत आता तीन मोठे चमचे तेल. आपल्या भागात करडईचं किंवा शेंगदाण्याचं घाणीचं तेल मिळतं, ते घ्या, चव वेगळीच येते. मोहरी, जिरं, भरपूर कढीपत्ता, आणि हिंग नेहमीच्या दुप्पट. हिंगाने वासही मरतो आणि फ्लॉवरने होणारा पोटातला वायूही कमी होतो. चिमूटभर ओवा टाकलात तर मामंजींच्या वयाला बरंच. मग तमालपत्र, दोन लवंगा, दालचिनी. एक मध्यम कांदा उभा चिरून लालसर होईपर्यंत परता.

भाज्यांत तोंडली शंभर ग्रॅम, लांबट कापून, आणि छोटी काटेरी वांगी शंभर ग्रॅम, चार फोडी करून. त्यांना कढईत तेलावरच शिजवा. इथे झाकण चालेल, पण पाणी नाही. बटाटा नाही. मटारचे दहा-बारा दाणे रंगापुरते. काजूऐवजी पन्नास ग्रॅम शेंगदाणे, तासभर भिजवून आणि पाण्यात मऊ उकडून घेतलेले. मसालेभातात दाताला जे मधून मधून काहीतरी लागतं, ते या दाण्यांनी भरून निघतं.

भाज्या शिजल्या की आच मंद करून मसाला. कोकणा-पुण्याकडे गोडा मसाला घालतात, तुम्हीही तोच घातलात. मी आपला काळा मसाला घालते. दगडफूल, सुकं खोबरं, तीळ, धणे काळपट भाजलेला मसाला फ्लॉवरच्या गोडसर चवीवर मात करतो. गोडा मसाला त्या गोडव्याला आणखी गोड करतो. एका माणसाला एक लहान चमचा या हिशेबाने चार चमचे, म्हणजे तांदळाच्या भाताला घालाल त्याच्या दीडपट. पाव चमचा हळद, तिखट तुमच्या घरच्या सवयीने. घरात येसर असेल आणि तो घालावासा वाटला तर एकच चमचा. येसरात भाजलेली धान्यं आणि डाळी दळलेल्या असतात. आमटीला दाटपणा येतो तो त्याच पिष्टाने, आणि इथे तो कणाकणाला चिकटून पुन्हा गोळा करेल.

मसाला तेलात घातल्यावर दोन मोठे चमचे घट्ट, आंबट नसलेलं दही फेटून घाला आणि तेल सुटेपर्यंत परता. दह्याचं पाणी आटलं पाहिजे. कढईच्या तळाशी मसाल्याचा दाट लेप आणि कडेला लालसर तेल दिसतं, तेव्हाच मीठ घाला, सबंध भाताचं मीठ या मसाल्यातच. मग परातीतला किस. उलथन्याने दाबू नका, खालून वर उचलत दोन-तीन मिनिटं घोळवा. कणाकणाला रंग लागला की गॅस बंद. वर अर्ध्या लिंबाचा रस, पंचवीस ग्रॅम भाजून चुरलेलं सुकं खोबरं, कोथिंबीर मूठभर. लातूर जिल्ह्यातल्या कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालंय. ती हाती लागली तर घ्याच, वासाने घर भरतं. वाढताना साजूक तूप एक चमचा. तुपाच्या वासाशिवाय मसालेभात पटत नाही, आणि तुपात कर्बोदकं नसतात. हृदयाचा त्रास असेल तर चमचा लहान करा.

आणि दहा मिनिटं उघडं ठेवून मग वाढा. कढईतून थेट ताटात घेतलात तर मसाला एकीकडे आणि फ्लॉवर एकीकडे लागतो.

हे सगळं करून मामंजींना ‘हा तांदळाचाच आहे’ असं सांगू नका. पहिल्या घासाला कळतं, आणि मग पुढचं काहीही ते संशयानेच खातात. ‘मामंजी, आज मसालेफ्लॉवर केलाय’ असं सांगून वाढा. बरोबर कढी, पापड, लिंबाची फोड, सगळा थाट मसालेभाताचा. माणूस मसालेभात खातो तो निम्मा त्या थाटासाठी.

तरीही त्यांचं मन बसलं नाही तर मधला मार्ग आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे नव्याने डबा लावणाऱ्यांना मी सुरुवात त्यानेच करून देते. चार जणांना शंभर ग्रॅम तांदूळ, कोलम चालेल. चिकट होणारा आंबेमोहोर नको. तो मोकळा शिजवून परातीत पसरून पूर्ण गार करायचा. फ्लॉवर पाचशे ग्रॅम, बाकी सगळं वरच्यासारखं, आणि गार भात अगदी शेवटी किसाबरोबर घालायचा. तांदळाचे दाणे मसाल्याचं उरलंसुरलं ओलसरपण ओढून घेतात, त्यामुळे हा प्रकार नवशिक्या हातानेही मोकळा होतो. माणशी कर्बोदकं तेहतीसच्या आसपास जातात, म्हणजे नेहमीच्या मसालेभाताच्या निम्मी. डोळे मिटून खाल्लं तर बरेच जण फसतात. काही आठवड्यांनी तांदूळ शंभराचा पंचाहत्तर, पन्नास करत न्या.

आता ताटाचा हिशेब, कारण खरी गफलत इथेच होते. एका भाकरीला साठ ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं. मामंजी दोन भाकरी खाऊन वर फ्लॉवरचा भात घेत असतील तर भातापुरतं वाचलं, पण ऐंशी ग्रॅम आधीच पोटात गेलेत. आणि फ्लॉवरने पोट भरल्यासारखं वाटेना म्हणून तिसरी भाकरी घेतली, तर तुमची सगळी मेहनत पाण्यात. ज्या दिवशी हा मसालेभात, त्या दिवशी भाकरी एक, किंवा नाहीच.

मग पोट भरायचं कशाने? हा प्रश्न बरोबर आहे. पंचाहत्तर ग्रॅम तांदळातून अडीचशेच्या वर कॅलरी मिळतात, पावणेदोनशे ग्रॅम फ्लॉवरमधून पन्नाससुद्धा नाहीत. नुसता फ्लॉवर खाऊन उठलेला माणूस दोन तासांनी फरसाणाच्या डब्यापाशी सापडतो. म्हणून प्रथिनं हवीतच. भातातच घालायची असतील तर सोयाबीनचा तयार चुरा (सोया ग्रॅन्युल्स) चाळीस ग्रॅम, कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवून घट्ट पिळून, मसाल्याबरोबर परता. त्यातून चौघांत मिळून वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि तो चुरा किसाचं सुटलेलं पाणीही पिऊन टाकतो. कर्बोदकं माणशी तीन ग्रॅमने वाढतात, ते परवडतं. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात आणि आपल्याच घरात ते खायला नको असतं, याचं मला नेहमी नवल वाटतं. ज्यांना चालतं त्यांनी दोन उकडलेली अंडी किंवा पनीरचे परतलेले तुकडे घ्यावेत. कढीला बेसन अगदी थोडं लावा, साखर-गूळ नको.

जेवणाचा क्रमही थोडा फिरवून बघा. आधी काकडी-कांद्याची कोशिंबीर, कढी, पनीर किंवा अंडं, आणि भाकरी-भात त्यानंतर. भाजी आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जेवणानंतरची साखर कमी उसळते. आपल्याकडे भात तसाही शेवटीच घेतात, त्यामुळे मामंजींना हे काही जगावेगळं वाटणार नाही.

आता एक गोष्ट, जी मी डबा सुरू करण्याआधी प्रत्येकाच्या घरी सांगते. मामंजींच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणातली कर्बोदकं एकदम कमी करू नका. औषध पूर्वीच्या जेवणाच्या मापाने दिलेलं असतं. जेवण बदललं आणि औषध तसंच राहिलं तर साखर सत्तरच्या खाली जाऊ शकते. घाम, हातपाय थरथरणं, छातीत धडधड, एकदम चिडचिड किंवा गुंगी अशी लक्षणं दिसली की लगेच साखर तपासा. कमी असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी असेल तर कर्बोदकं फारच कमी करण्याचा वेगळा धोका असतो, रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून होणारी आम्लं, वाढतात. हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचं नाही. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं असेल, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल, तर सोयाबीन, शेंगदाणे, पनीर यांचं माप तेच ठरवतील. त्यांच्याकडे जाताना ‘भात बंद केला’ एवढंच सांगू नका. रोजचं जेवण, भाकऱ्यांच्या संख्येसकट, कागदावर लिहून न्या.

आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा निकाल माझ्या आकड्यांपेक्षा घरचं ग्लुकोमीटर चांगला लावेल. एक दिवस नेहमीचा मसालेभात, जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा साखर बघा. दोन-तीन दिवसांनी त्याच वेळी, बाकी जेवण तेच ठेवून, फ्लॉवरचा. दोन वाढींतला फरक म्हणजे तांदळाची किंमत. जेवणानंतरची साखर 180 च्या आत असावी असं साधारण सांगतात. मामंजींचं वय आणि इतर दुखणी पाहून त्यांच्यासाठीचा आकडा डॉक्टर वेगळा देऊ शकतील. ही दोन आकड्यांची चिठ्ठी मामंजींच्या हातात द्या. माझ्या अनुभवात सुनेच्या सांगण्याने जे होत नाही ते त्या चिठ्ठीने होतं.

बाकी भातांचं थोडक्यात सांगते. दहीभात फ्लॉवरचा फार सुरेख होतो, मसालेभातापेक्षाही सोपा. किस तेलाशिवाय कोरडा परतून पूर्ण गार करायचा, घट्ट दह्यात कालवायचा आणि वर मोहरी, हिंग, सुकी लाल मिरची, कढीपत्त्याची फोडणी. फ्रिजमध्ये तासभर ठेवला तर फ्लॉवर आहे हे सांगावं लागतं. मीठ वाढताना घाला. खिचडीला सालाची मूगडाळ मूठभर, बाकी फ्लॉवर. डाळ आधी कुकरमध्ये वेगळी शिजवा, किस शेवटी. खिचडी ओलसरच हवी असते, त्यामुळे इथे पाण्याची भीती नाही. वरण-भाताला मात्र मी फ्लॉवर लावत नाही. वरणाचं पाणी आणि फ्लॉवरचं पाणी एकत्र आलं की ते आजाऱ्याचं जेवण होतं. त्या जागी अर्धी वाटी खरा भात आणि दोन वाट्या घट्ट वरण खावं. संभाजीनगर-नांदेडकडच्या बिर्याणीचंही असंच. दम द्यायला तांदूळच लागतो. तिथे मटण दुप्पट, तांदूळ निम्मा, हाच उपाय. बाजारात कोंजॅकच्या कंदाचे तयार ‘तांदूळ’ येतात, त्यात कर्बोदकं नावालाच असतात, पण ते रबरासारखे लागतात, धुऊनही त्यांचा वास जात नाही आणि महाग पडतात. मी एका डब्यातही घालत नाही.

डबा न्यायचा असेल तर मसाला आणि परतलेला किस वेगवेगळे, पूर्ण गार करून भरा आणि खाताना एकत्र करा. गरम भरून झाकण लावलं की स्टीलच्या डब्यात झाकणाला वाफ धरते आणि दुपारपर्यंत पुन्हा लगदा.

ही सगळी हिवाळ्यातली मजा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे फ्लॉवर महागही होतो आणि वाईटही येतो, पावसाळ्यात अळ्या. तेव्हा पत्ताकोबी घ्या. त्यातही कर्बोदकं शंभरी पाच-सहाच ग्रॅम. किसू नका, सुरीने आधी लांब आणि मग आडवी बारीक चिरा, किसलेली पत्ताकोबी फार पाणी सोडते. परतायला फ्लॉवरपेक्षा एक-दोन मिनिटं जास्त लागतात. चव थोडी गोडसर असते, म्हणून काळा मसाला अर्धा चमचा वाढवा आणि लिंबाऐवजी चिंचेचा घट्ट कोळ एक चमचा, तोही दह्याबरोबरच तेलात आटवून घाला.